उसनी पोरं

दिवाळीची सुट्टी संपली तरी भाड्याच्या खोल्यांमधली पोरं माघारी आली नाहीत, तेव्हापासूनच दुर्गाबाई रोज पोरं मोजायला लागली होती. मोठ्या रस्त्याच्या कडेच्या कंपनीनं अख्खी एक लाईन बंद केली होती. लातूर-नांदेडकडची माणसं सणाला म्हणून गावी गेली ती तिकडंच राहिली. पत्र्याच्या बऱ्याच खोल्यांना कुलपं लागली. अंगणवाडीच्या पायरीवर सकाळी चपलांचा ढीग पडायचा, आता चार चपला इकडं, चार तिकडं.

दुर्गाबाई अंगणवाडीची मदतनीस. मदतनीस म्हणजे काय, तर झाडायचं, पाणी भरायचं, घरोघर फिरून पोरं गोळा करायची, शेंबडं नाक पुसायचं, खिचडी शिजवायची आणि शिकवायला ताई आहेत म्हणून आपण गप्प बसायचं. शेवटचं सोडलं तर बाकी सगळं तिला झकास जमायचं.

अंगणवाडी तिच्या दारातच होती. सासऱ्यानं खळ्याची जागा दिली, पंचायतीनं त्यावर खोली बांधली. तेव्हा खळ्याला लागून शेत होतं. आता शेताच्या जागी निळ्या पत्र्याचं गोदाम आहे आणि त्या गोदामाच्या गेटावर दुर्गाबाईचा नवरा भैरू शिट्टी गळ्यात घालून बसतो. ज्या बांधावर बसून त्यानं जन्मभर भाकरी खाल्ली, तिथंच आता त्याची प्लास्टिकची खुर्ची. साहेबाची गाडी आली की खुर्ची सोडून उभं राहायचं. उठताना गुडघे वाजतात. "वाजू दे," भैरू म्हणतो, "सायबाला वाटंल गेटच करकरतंय."

एकुलता एक मुलगा सुजित कंपनीत लागला आणि रहाटणीला फ्लॅट घेऊन राहिला. बायको दिपाली आणि चार वर्षांची उत्कर्षा. पहिली दोन वर्षं ही उत्कर्षा दुर्गाबाईच्या मांडीवर वाढली. मग एक दिवस टेम्पोत गादी, कपाट, मिक्सर चढला आणि सगळ्यात शेवटी ती चढली. त्या दिवशी दुर्गाबाईनं अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढली खरी, पण मीठ घालायचं विसरली. पोरं बिचारी तशीच खाऊन गेली.

मार्गशीर्षातली सकाळ होती. ओढ्यावर धुकं, आणि धुक्यात मिसळलेला कंपन्यांचा तो जळका वास. अंगणवाडीच्या सेविका जयमालाताई चाकणहून स्कूटीवर यायच्या. त्या दिवशी त्यांनी कानाचा रुमालही सोडला नाही, तशाच बोलल्या.

"दुर्गाबाई, मूल्यमापन लागलंय."

"लागू द्या की. दरसाली लागतं."

"तसं नाही हो. या वेळी सगळ्यांचं एकदम. आपली अंगणवाडी, ओढ्यापलीकडची शहराची बालवाडी, सरकारी पैशावर चालणारं सगळं एकाच दिवशी बघणार. दोन्हीकडच्या साहेबांनी मिळून माणसं नेमलीत. अर्धा दिवस पोरांत बसणार, पोरांनाच विचारणार. आणि जिथं दोन ठिकाणं जवळजवळ आहेत, तिथं दोन्हीचं एक करणार."

"एक करणार म्हंजे?"

"म्हणजे दुसरी बंद."

दुर्गाबाईच्या हातातला खराटा थांबला. "कंची?"

"जिथं पोरं कमी, ती. अजून कुठली?"

जयमालाताईंची काय, कुठंतरी बदली झाली असती. दुर्गाबाईला मात्र बदली नव्हती. पलीकडं मदतनीस आधीच होती. अंगणवाडी ओढा ओलांडून गेली की हिच्या दारात उरणार काय, तर गोदामाचा पत्रा आणि ट्रकांचा धुरळा. पोरांचा तो कलकलाट, जो ऐकून नवी माणसं कानावर हात ठेवायची, त्याच्यावरच तर ती दिवस काढत होती. तो नसला तर ती करणार काय?

आणि सगळ्यात वाईट ते 'एकाच दिवशी'. का, ते सांगायला हवं. ही गोष्ट जयमालाताईंना ठाऊक होती, पलीकडच्या बालवाडीच्या शिक्षिका सुमनताईंना ठाऊक होती, तपासायला येणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक असावी, पण बोलत कुणी नव्हतं. गाव एकच, पण मधून ओढा. ओढ्याच्या अलीकडं पंचायत, पलीकडं शहराची हद्द. अलीकडं अंगणवाडी, पलीकडं बालवाडी, आणि मधे पाण्यालगतचा बुटका फरशी पूल. अंगणवाडीची तपासणी आली की सुमनताई पलीकडून पोरं धाडायच्या. बालवाडीची आली की दुर्गाबाई इकडची पोरं हाताला धरून फरशीवरून पलीकडं न्यायची. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी ही पोरांची उसनवारी.

आणि उसन्याची रीतही दोघींनी कधी मोडली नाही. उसनी नेलेली पोरं जेवू घालून, हातपाय धुऊन, उन्हाच्या आत माघारी धाडायची. शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत करतं का? मग पोर तरी रिकामं कसं धाडायचं! जाताना प्रत्येकाच्या खिशात मूठभर शेंगदाणे घालायचे. पोरांना त्याची इतकी गोडी लागली होती की तपासणी कधी आहे हे तीच येऊन विचारायची.

दुपारी भांडी आवरून दुर्गाबाई फरशी ओलांडून गेली. सुमनताई बालवाडीच्या दारात उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. बाई अंगानं भारी आणि बोलायला त्याहून भारी.

"मला ठाव होतं तू येणार," त्या म्हणाल्या. "बस. पर पोरं मागू नकोस."

"मी कुठं मागितली?"

"तोंडावर लिवलंय तुझ्या. दुर्गे, त्या दिवशी दोन्हीकडं एकाच टायमाला माणसं बसणार. एक पोर दोन जागी कसं बसंल, सांग की! माझीच निम्मी गळालीत. तुला दिली तर माझं उठंल."

"आन् न्हाई दिली तर माझं उठतंय."

"व्हय," सुमनताई म्हणाल्या आणि मान फिरवून ओढ्याकडं बघत बसल्या.

इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींच्या लेकी-सुनांची बाळंतपणं काढली होती. आज पहिल्यांदाच, बाजारात वांग्याच्या एकाच ढिगावर वाकलेल्या दोन बायांसारख्या त्या एकमेकींकडं बघत होत्या. सुमनताईंनी चहा केला. दुर्गाबाईनं तो पिऊन कप स्वतःच विसळून ठेवला.

घरी येऊन दुर्गाबाई अंगणवाडीतली खुंट्यांची फळी पुसत बसली. बैलगाडी मोडली तेव्हा तिच्या फळीला भैरूनं बुटक्या उंचीवर खुंट्या ठोकल्या होत्या. पोरांना वाचता येत नाही, म्हणून दर खुंटीवर एक चित्र. मोर, कासव, मका, शेळी, भोपळा. आलं की पोर आपल्या चित्राखाली पिशवी अडकवतं. नव्या पोराला नाव विचारलं तर ते नावही सांगायचं नाही, छाती काढून म्हणायचं, "मी कासव."

शेवटच्या खुंटीवर कैरी होती. ती कुणालाच दिलेली नव्हती. उत्कर्षा जन्मली त्याच आठवड्यात दुर्गाबाईनं ती भैरूकडून रंगवून घेतली होती. जयमालाताईंनी कितीदा विचारलं, "ही रिकामी का?" "किडकी हाय," असं सांगून ती वेळ मारून न्यायची.

भैरू शिट्टी काढून ओट्यावर टेकला. "कशाला पुसतीस? जायचंच हाय ते. आगं, जिमीन गेली तवा बी आपण जेवलोच की."

"जिमीन गेली तवा दारात पोरं व्हती," दुर्गाबाई म्हणाली. आणि बोलता बोलता तिचा हात कैरीवर थांबला.

"काय गं?"

"कायबी न्हाई. रविवारी रहाटणीला जाऊन येते."

रविवारी ती दोन बसा बदलून रहाटणीला पोचली. पिशवीत हुरड्याचं थालीपीठ, भाजलेले शेंगदाणे, एक छोटी कापडी पिशवी. ही पिशवी तिनं सुजितच्या जुन्या शर्टाची शिवली होती. लिफ्टमध्ये एकटीनं शिरायचा तिला धीर होत नव्हता, म्हणून कुणी वर जाणारं येईपर्यंत ती खाली उभी राहिली. वॉचमननं विचारलं, "कुणाकडं काम हाय, मावशी?" ती म्हणाली, "ल्योक हाय माझा वर." त्यानं तरी रजिस्टरमध्ये सही घेतली.

उत्कर्षा मोबाईल बघत सोफ्यावर पालथी पडली होती. आजीला बघून ती उठली आणि आईच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. पाहुणे आल्यावर पोरं उभी राहतात, तशी. दुर्गाबाईनं पसरलेले हात तसेच साडीला पुसले.

दिपाली काही वाईट पोर नव्हती. आठवडाभर कुरिअरच्या ऑफिसात राबायची, रविवारी धुणं-भांडी, दळण, पोरीचा अभ्यास. तिनं सासूला चहा दिला, थालीपीठ कौतुकानं गरम केलं. पण दुर्गाबाईनं विषय काढला तशी ती हसली.

"म्हणजे आई, तुम्हाला मुलं कमी पडतायत म्हणून आमची दाखवायला न्यायची?"

"दाखवाया न्हाई गं. नुसती बसंल. सगळ्यास्नी बरूबर खेळंल."

"तिची शाळा बुडते ना. आणि तिकडं धूळ किती. मागच्या वेळी आली तर आठ दिवस खोकत होती."

"एकच दिस, दिपाली. मी तिला धुळीत सोडणार न्हाई."

सुजित आतून दाढी करता करता बोलला, "जाऊ दे गं. एक दिवस तर आहे. आयेला तेवढंच बरं वाटंल."

तेवढंच बरं वाटंल! दुर्गाबाईला ते लागलं, पण गिळलं तिनं. खरं विचाराल तर तिला अंगणवाडी वाचवायची होती, हे शंभर टक्के खरं. पण बसमधून येताना तिच्या डोळ्यापुढं काही तपासणारी माणसं येत नव्हती. डोळ्यापुढं येत होती ती कैरीच्या खुंटीला अडकवलेली पिशवी. तिला ती नात हवी होती, आपल्या दारात, आपल्या हाताखाली, एक दिवस का होईना. इतकी हवी होती की त्यापायी तिनं सुनेपुढं पदर पसरला असता.

"बरं," दिपाली शेवटी म्हणाली. "आदल्या संध्याकाळी हे सोडतील आणि दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टच्या आधी घेऊन येतील. थंड पाणी देऊ नका, प्लीज."

आदल्या संध्याकाळी सुजितनं पोरीला सोडलं आणि तो आल्या पावली गेला. पहिला तासभर उत्कर्षा ओट्यावरून खाली उतरेना. मग शेजारची शेळी तिच्या फ्रॉकला तोंड लावून गेली, आणि पोरगी जी खदखदून हसली ती हसतच सुटली. भैरूनं तिला खांद्यावर घेऊन गोदामाच्या गेटापर्यंत फिरवून आणलं. सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं, "माझी नात! रहाटणीला शिकती."

सकाळी दुर्गाबाईनं बंबातलं कढत पाणी विसणून तिला न्हाऊ घातलं. डाळीच्या पिठानं अंग चोळलं, केसांना तेल लावलं, दोन वेण्या घट्ट बांधल्या. ते सावळं, वाफाळणारं अंग हाताखाली आलं तेव्हा तिला भडभडून आलं. दोन वर्षं हेच अंग तिनं रोज चोळलं होतं, आणि आता पाठीवरचा तीळ कुठल्या बाजूला होता तेही तिला बघून आठवावं लागलं.

"बाय माझी," ती टॉवेलनं पुसता पुसता म्हणाली, "आज एक सर येणारेत. त्यांनी इचारलं, कुठं ऱ्हातीस, तर काय म्हणशील?"

"रहाटणी."

"न्हाई. म्हणायचं, इथं ऱ्हाते. आज्जीकडं."

उत्कर्षानं ओल्या पापण्यांनी वर बघितलं. "खरंच?"

आता इथं दुर्गाबाईनं 'खेळ हाय गं, गंमत हाय' असं म्हणायला हवं होतं. पण तोंडातून गेलं ते भलतंच.

"व्हय," ती म्हणाली. "खरंच."

तपासायला दोघं आले. एक जयदीप सर म्हणून तरुण माणूस आणि एक बाई, त्या कोपऱ्यात बसून नुसतं बघत राहिल्या. जयदीप सर आले ते खुर्चीकडं न जाता सरळ चटईवर मांडी घालून बसले. पँट तंग, मांडी काही नीट बसेना. पोरं हसली, मग तेही हसले. जयमालाताईंनी कडक इस्त्रीची साडी नेसली होती.

पोरं आली. मोर मोराखाली, मका मक्याखाली, पिशव्या अडकल्या. उत्कर्षा नवी पिशवी हातात धरून मधेच उभी.

"कैरी," दुर्गाबाई दारातून हळूच म्हणाली. "बाय, कैरी."

पोरीनं कैरी शोधली, टाचा उंच करून पिशवी अडकवली आणि दोन पावलं मागं येऊन बघत राहिली. मग पुन्हा जाऊन तिनं खुंटीला हात लावला. दुर्गाबाईनं तोंड फिरवलं आणि चुलीतलं लाकूड उगाचच पुढं सारलं.

दोन-अडीच तास ती माणसं पोरांत होती. मणी ओवायला दिले, चित्र दाखवून गोष्ट सांगायला सांगितली, वाळूच्या ढिगात खेळू दिलं. खोल्यांमधली पोरं आधी बिचकली, मग मोकळी झाली. उत्कर्षा तर पेटलीच होती. रंग इंग्रजीत सांगितले, गोष्टीतल्या शेळीला फ्रॉक खायला लावला, एका रडव्या पोराला मणी ओवून दिले. कोपऱ्यातल्या बाईंनी मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"तू कुठं राहतेस गं?" जयदीप सरांनी विचारलं.

"इथं!" उत्कर्षा म्हणाली. "आज्जीकडं. माझी खुंटी पण आहे. कैरी."

सर हसले. जयमालाताईंनी भिंतीला पाठ टेकली. खिचडी झाली. सरांनीही पोरांच्या ओळीत बसून खाल्ली आणि आणखी मागितली. उठताना ते जयमालाताईंना म्हणाले, "छान वाटलं तुमच्याकडं. मुलं मोकळी आहेत. आकडा कमी दिसतोय, पण असं चालणारं ठिकाण हलवू नये असंच मी मांडीन."

दुर्गाबाई भांडी घासत होती. राखेनं भरलेले हात तिनं कपाळाला लावून देवाला नमस्कार केला. राखेचा पट्टा कपाळावर तसाच राहिला.

एवढ्यात मोटारसायकल वाजली. सुजित. शिफ्ट अलीकडं ओढली होती म्हणून तो ठरल्यापेक्षा लवकर आला होता. सर अजून बुटाची नाडी बांधत होते.

"चल पिल्लू, घरी," सुजित दारातून म्हणाला. "पटकन. मम्मी वाट बघतीय."

उत्कर्षा हलली नाही. "मी इथं राहते," ती म्हणाली.

"हो हो, नंतर राहू. चल, रहाटणीला पोचायला तास लागतो."

"मी इथं राहते! आज्जी म्हणली! खरंच म्हणली!" आणि तिनं धावत जाऊन दोन्ही हातांनी कैरीची खुंटी धरली.

सुजितनं ओढलं. पोरीनं असा टाहो फोडला की बाकीची पोरं भिंतीला चिकटली. "माझी खुंटी आहे! मला नाही जायचं!" ती ओरडत होती, श्वास अडकत होता, पुन्हा ओरडत होती. सुजित कावराबावरा झाला. "आये, हे काय सांगितलंस तू हिला? मला शिफ्ट आहे गं!"

सरांचे हात नाडीवरच थांबले होते. जयमालाताई दुर्गाबाईकडं बघत होत्या. त्यांचे डोळे सांगत होते, गप्प राहा, बाई, बापाला बाहेर घे, काहीही सांग, पण आत्ता गप्प राहा. आणि ते जमण्यासारखं होतं. 'पोरगी बापाकडं दोन दिस चाललीय,' एवढं म्हणायचं, झालं.

पण पोरीचे ओठ निळे पडत चालले होते. बोटं त्या खुंटीवर इतकी आवळली होती की नखं पांढरी झाली. आणि दुर्गाबाईच्या मनात, खोटं कशाला, पोटातून उकळी फुटत होती. हिला यायचं होतं! हिला माझ्याकडं राहायचं होतं! दोन वर्षं जे ऐकायला जीव तळमळला ते हे पोर चारचौघांत ओरडून सांगत होतं.

ती नातीपुढं उकिडवी बसली. राखेचे हात पदराला पुसले आणि तिची बोटं एकेक करून सोडवायला लागली.

"न्हाई बाळा," ती म्हणाली. "आज्जी खोटं बोलली. तू इथली न्हाईस. तू रहाटणीची. तुझी शाळा तिकडं हाय, तुझी मम्मी तिकडं हाय. मी तुला एका दिसापुरती आणली व्हती."

उत्कर्षानं आजीकडं बघितलं. रडणं थांबलं तिचं, पण कसं थांबलं, तर दिवा विझावा तसं. तिनं खुंटी सोडली. दुर्गाबाईनं पिशवी काढून तिच्या गळ्यात अडकवली, ओल्या हातानं तोंड पुसलं. मग फडताळातला डबा उघडला आणि तिच्या फ्रॉकच्या दोन्ही खिशांत शेंगदाणे भरले. तिच्याही नकळत भरले. पोर परत जाताना हात आपोआप तिकडंच जायचा.

मोटारसायकल गेली. उत्कर्षानं मागं वळून बघितलं नाही.

"मावशी," जयदीप सर नाडी बांधून उठत म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आमची माणसं आत्ता पलीकडंही बसलीत. एकच मूल दोनदा धरलं जाऊ नये म्हणून तर सगळं एका दिवशी ठेवलंय. आता मी ऐकलंय ते मला मांडावं लागेल."

"मांडा की," दुर्गाबाई म्हणाली. "पर पोरं मोकळी हायती, ते बी मांडा."

"ते तर मांडणारच."

ती माणसं गेल्यावर जयमालाताईंनी स्कूटीला किल्ली लावली, काढली, पुन्हा लावली. "एक शब्द गिळता आला नाही तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "एक शब्द!" त्यांचे डोळे भरले होते. दुर्गाबाईनं खाली बघून घेतलं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

संध्याकाळी दिपालीचा फोन आला. "आई, फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे कशाला घातलेत? मशीनमध्ये सगळा चिखल झाला."

"चुकलं गं," दुर्गाबाई म्हणाली. "रीत हाय आमची." फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो ते. रीत कसली? ती तर उसन्याची रीत. आपल्याच लेकाची लेक आपण उसनी आणली आणि शेजारणीचं पोर परत करावं तशी रीतीनं परत केली. ती तशीच अंधारात बसून राहिली. भैरूनं दिवा लावला, तिच्याकडं बघितलं आणि भाकरी स्वतःच वाढून घेतली.

संक्रांत झाल्यावर निरोप आला. अंगणवाडी बालवाडीत मिसळायची. जयमालाताईंना दुसरं गाव मिळालं. जाताना त्यांनी दुर्गाबाईला तिळगूळ दिला आणि वाकून पाया पडल्या, तेवढं बरं वाटलं. खुंट्यांची फळी पलीकडं द्यायची ठरली, कारण पोरं आपलं चित्र सोडायला तयार नव्हती. भैरू करवत घेऊन आला.

"समदीच द्यायची?"

"शेवटची काप," दुर्गाबाई म्हणाली.

त्यानं कैरीची खुंटी कापून घराच्या दाराशी ठोकली. आधी मोठ्या माणसाच्या उंचीवर धरली होती. दुर्गाबाईनं हात धरून ती खाली आणवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेवटचं म्हणून घरोघर फिरून पोरं गोळा केली. कासव, मका, शेळी, भोपळा, मोर. एकमेकांचे शर्ट धरून ओळ फरशीवर चढली. ओढ्याला पाणी थोडं, वर फेस. पोरांना वाटलं तपासणीच आहे. "आज्जी, शेंगदाणे मिळणार का?" कासव विचारत होतं.

सुमनताई दारातच उभ्या होत्या. भैरूनं डोक्यावरची फळी उतरवली. पोरं आत पळाली. दोघी बाया बाहेर राहिल्या.

"दुर्गे, एक सांगते," सुमनताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्या दिवशी मी बी माझ्या बहिणीची दोन नातवंडं आणून बसवली व्हती. माझी रडली न्हाईत, येवढंच."

दुर्गाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. राग येईल असं वाटलं, पण आला नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "एक तरी ऱ्हायली."

आतून पोरांचा कालवा सुरू झाला. तोच कालवा, तेच आवाज, पण भिंत दुसरी. सुमनताईंनी दुर्गाबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं बोलून गेल्या, "जा तू निवांत. जेवली की धाडते मागारी."

बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली. दुर्गाबाईच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. पण तिनं मान हलवली.

"धाडा," ती म्हणाली. "मी फरशीवर उभी हाय."

आणि खरंच उभी राहिली. भैरू गेटावर गेला. ऊन चढलं, दगड तापला, ती तिथंच. दुपारी बालवाडी सुटली. पोरांची घरं ओढ्याच्या अलीकडंच, तेव्हा ती फरशीवरूनच परतणार होती. बालवाडीच्या मदतनिसानं त्यांना काठापर्यंत आणून सोडलं. तोंडं धुतलेली होती, केसांना पाणी लावलेलं होतं. कासव सगळ्यात पुढं धावत आलं आणि तिच्यापुढं थांबून त्यानं खिसा ओढून दाखवला.

खिसा शेंगदाण्यांनी भरला होता. मक्याचाही. शेळीचाही. एकही पोर रिकामं नव्हतं.

दुर्गाबाईनं पदरानं डोळे पुसले, प्रत्येकाचा खिसा चाचपून बघितला आणि पलीकडं बघितलं. सुमनताई दारात उभ्या होत्या. मग पोरं तिच्या दारावरून, ठोकलेल्या कैरीवरून, न थांबता आपापल्या खोल्यांकडं पळाली.